शेवटच्या दिवसाचा हिशेब

इस्तंबूलमधल्या आठ दिवसांच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा आमच्या बॅगाही भरलेल्या होत्या आणि पोटेही. विमान रात्रीचे होते. अख्खा दिवस मोकळा. आम्ही बेगमना विचारले, "आज काय पाहायचे?" त्या म्हणाल्या, "पाहून झाले. आज फक्त खायचे."

खरे सांगायचे तर आधीचे सात दिवसही आम्ही दोघांनी दुसरे फारसे काही केले नव्हते. शाळेची उन्हाळी सुट्टी, चार वर्षांच्या भिशीचे पैसे आणि मुलांना सांभाळायला घरी अम्मी, म्हणून ही सफर जमली. निघताना भाषेची धास्ती होती. पण जेवणाच्या टेबलावर भाषा ओळखीची निघाली. आपला शोरबा तिथे 'चोर्बा', पुलाव 'पिलाव', पनीर 'पेय्निर', हलवा 'हेल्वा' आणि चहा तर 'चाय'च. जेवण झाल्यावर बिल मागायचे तर म्हणायचे 'हेसाप'. म्हणजे आपला हिशेब! उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठी मेजवानी कोणती?

तिथल्या न्याहारीला 'कहवाल्ती' म्हणतात. अर्थ, कॉफीच्या आधीचे. टेबलावर लहान लहान बशा मांडतात. ऑलिव्ह, पांढरे चीज, काकडी, टोमॅटो, अंडी, ताजा पाव आणि मधाशेजारी 'कायमाक'. कायमाक म्हणजे दाट साय, खरी पाहिजे तर म्हशीच्या दुधाची. आपण साय तुपासाठी साठवतो, तिथे ती पावावर मधासोबत खातात. चहाची किटली दुमजली. खाली उकळते पाणी, वर कडक अर्क. ज्याला जसा हवा तसा लहानशा काचेच्या पेल्यात मिसळून घ्यायचा. दूध नाही.

बेगमनी पेला दोन्ही हातांत धरला आणि हसत म्हणाल्या, "परवापासून माझा चहा पुन्हा गार होणार." आम्हीही हसलो. पण वाक्य कुठेतरी अडकून राहिले.

दुपारी सुलेमानिये मशिदीकडे गेलो. सुलतान सुलेमान यांची ही मशीद वास्तुकार सिनान यांनी बांधली. ती 1557 मध्ये पूर्ण झाली. तिच्या भोवती मदरसे होते, दवाखाना होता आणि विद्यार्थ्यांना, मुसाफिरांना, गरिबांना जेवण देणारा मोठा मुदपाकखानाही होता. आज मशिदीसमोरच्या गल्लीत पांढऱ्या घेवड्याच्या उसळीची दुकाने ओळीने आहेत. उसळ, बाजूला पिलाव, सोबत लोणचे. एवढेच. मसाला जवळजवळ नाही, तरी दोघांनी बशी पावाने पुसून घेतली.

दुकानात म्हातारे आचारी स्वतः वाढत होते. जेवून उठणारी माणसे जाताना त्यांना काहीतरी म्हणत होती. वाढणाऱ्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "एल्लेरिनिझे साअलिक." तुमच्या हातांना आरोग्य लाभो. यावर करणारा म्हणतो, "आफियेत ओल्सुन." म्हणजे तुम्हाला आफियत असो. बेगमनी दोनदा पुटपुटून पाठ केले आणि जाऊन त्या आचाऱ्यांना म्हटले. त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली.

बाहेर आल्यावर बेगम म्हणाल्या, "किती चांगले आहे ना? ज्या हातांनी केले त्या हातांसाठी दुआ. आपल्याकडे मीठ कमी पडले तरच आवाज येतो."

त्या तक्रार करत नव्हत्या. म्हणूनच आम्हाला उत्तर सुचले नाही.

मिसरी बाजारात अम्मींसाठी सुमाक आणि शेजाऱ्यांसाठी पिस्त्याचे लोकूम घेतले. मग एमिनोनूच्या धक्क्यावरून कादिकोयची बोट पकडली. युरोपातून आशियात जायला वीसेक मिनिटे. हातात एकच सिमित, तीळ लावलेले पावाचे कडे, अर्धे अर्धे. सीगल पक्षी बोटीबरोबर उडत होते.

आम्ही विचारले, "घरी तव्यावरची गरम चपाती शेवटची कधी खाल्ली?"

त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. "गरम जेवण म्हणाल तर रमजानमध्ये. मगरिबची अजान झाली की सगळे एकदम बसतो ना, तेव्हा."

लग्नाला अठरा वर्षे झाली. आधी मुले, मग आम्ही, मग अम्मी आणि सगळ्यांचे आटोपल्यावर त्या. कुणी असा नियम केला नव्हता. अम्मींचेही असेच होते, अब्बांच्या मागून. या आठ दिवसांत प्रथमच आम्ही त्यांना सलग समोर बसून जेवताना पाहिले. त्यांना आंबट इतके आवडते, शेवटचा घास त्या पावाचा ठेवतात, हे आम्हाला परदेशात जाऊन कळले. शेवटच्या दिवशी हा 'हेसाप' समोर आला आणि तो लिरांत चुकता होणारा नव्हता.

घरी आल्यावर सांगितले, चपात्या आधी सगळ्या करून कापडात गुंडाळून डब्यात ठेवायच्या आणि दस्तरखानावर सगळ्यांनी एकदम बसायचे. पाणी ज्याचे त्याने घ्यायचे. अम्मी म्हणाल्या, "पण तुला तर तव्यावरचीच लागते!"

"आता डब्यातली चालेल, अम्मी."

त्या थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग सुनेच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या अब्बांना हे कुणी सांगायला हवे होते."

महिना झाला. तीनदा आम्हीच विसरलो आणि सवयीने बसल्या जागेवरून "जरा मीठ" म्हणालो. मुलीने मीठ आणले नाही. "अब्बू, डबा तिथे आहे," एवढेच म्हणाली. आम्ही उठलो.

तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? आज रात्री जरा पाहा. आणि जेवून उठताना त्या हातांसाठी दोन शब्द बोला, कुठल्याही भाषेत.