मीटरला किती पैसे द्यायचे?

जुन्या पिकअपच्या बाजारात एका वाक्याला फार मान आहे: "सिंगल ओनर, रनिंग फक्त अठ्ठावीस हजार." हे कानावर पडलं की घेणारा मवाळ होतो आणि विकणारा लाखभर वर चढतो. त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची, नव्वद हजार फिरलेली गाडी शेजारीच उभी असते, पण तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझ्या मते या लाखाच्या बदल्यात बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. गाडी इतकी कमी का फिरली, याचा खुलासा विकणाऱ्याने करायचा असतो. तो पटेपर्यंत त्या आकड्याला एक रुपयाही देऊ नये. पटला, तर पुढचा जेवढा खर्च खरोखर वाचणार असेल तेवढाच द्यावा.

आधी समोरच्यांची बाजू मांडू, कारण ती पोकळ नाही. चालली की झिजते, कमी चालली की कमी झिजते, मग जास्त आयुष्य शिल्लक असलेल्या गाडीला जास्त पैसे देण्यात गैर काय? घरच्या चारचाकीला हे बऱ्यापैकी लागू पडतं. कुणाचीही असली तरी तिच्यात चार-पाच माणसं आणि डिकीत दोन बॅगा, यापलीकडे फारसं काही जात नाही. ओझं साधारण सारखं असल्यामुळे किलोमीटरवरून झिजेचा अंदाज बांधता येतो. पिकअपचं तसं नाही. तिचा जन्मच ओझ्यासाठी, आणि ओझं किती होतं हे मीटर सांगत नाही.

बोलेरो पिकअप १.३ टनाची येते, १.७ टनाचीही येते. हे आकडे कंपनीचे. वीटभट्टीवर, वाळूच्या घाटावर, फरशीच्या गोदामात ते कुणी विचारतं का? तीन टन भरून वीस किलोमीटरची खेप रोज मारणारी गाडी वर्षभरात फार फिरत नाही. उलट बेकरीचा माल किंवा कुरिअरचे खोके घेऊन रोज दीडशे किलोमीटर जाणारी गाडी दोन वर्षांत नव्वद हजारांवर पोचते आणि तिच्या पाट्यांना ओझं म्हणजे काय ते ठाऊकही नसतं. यातली कोणती घ्यावी हे गॅरेजमधला पोऱ्याही सांगेल. फक्त त्याला मीटर दाखवू नका, गाडीखाली झोपायला सांगा. मागच्या पाट्यांमध्ये एखादा जादा पाटा घातलेला दिसला, तर मालकाने काय भरलं हे वेगळं विचारावं लागत नाही. चासीवर वेल्डिंगचे ठिपके, हौद्याच्या तळाला पडलेले पोचे, फाळक्याच्या वाकलेल्या बिजागऱ्या, मागच्या ॲक्सलपाशी झिरपलेलं तेल, हे सगळं त्या अठ्ठावीस हजारांपेक्षा मोकळेपणाने बोलतं.

कोकणातली गाडी तर याहून बोलकी. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. पिकअप थेट वाळूत उतरते, बर्फात घातलेली मासळी भरून दापोलीच्या बाजारात जाते आणि परत येते. अंतर थोडं, म्हणून रनिंग कमी. पण वितळणाऱ्या बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबकत राहतं, आणि वरून खारी हवा आहेच. अशी गाडी धुऊन, काळा रंग मारून घाटावर विकायला आली की घेणारा मीटर बघून खूश होतो. रंग ताजा असेल तर चासीच्या आतल्या कडेला पेचकस टोचून बघावा, पापुद्रे निघतात की नाही ते कळतं. गाडी ठणठणीत आहे असं छातीठोक सांगणारा मालक पेचकस बघून कुरकुरायला लागला, तर त्याचाही अर्थ लावता येतो.

छोट्या खेपांनी इंजिनाचंही भलं होत नाही. १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी बहुतेकींच्या धुराच्या नळीत काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. गाडी लांबच्या रस्त्याला एका वेगात धावली की तो तापतो आणि साठलेली काजळी जळून जाते. गाव ते मंडई, मंडई ते गाव, एवढंच फिरणाऱ्या गाडीत तो पुरेसा तापतच नाही आणि हळूहळू तुंबत जातो. मीटरने ज्याला गुण म्हटलं, फिल्टरच्या हिशेबात तो दोष ठरतो. लिलावाच्या रांगेत इंजिन चालू ठेवून काढलेले तास तर मीटरवर उमटतही नाहीत.

तिसरी जात उभ्या राहिलेल्या गाड्यांची. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली पिकअप यार्डात उन्हापावसात वर्षभर पडून राहते. रनिंग शून्य. पण रबर वयाने कडक होतं, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, बॅटरी मरते आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. उभ्या यंत्राला विश्रांती मिळते, ही समजूत माणसांवरून उचललेली आहे.

इथवर मी मीटर खरा आहे असंच धरून चाललो, कारण खऱ्या मीटरलाही इतकी किंमत नसते हे मला दाखवायचं होतं. आता उलट टोकाचे लोक. ते म्हणतात, "अहो, मीटर सगळेच पाडतात, बघायचंच कशाला?" हे शहाणपण दिसतं, पण हाही आळसच. मीटर बघायचा तो इतर पुराव्यांशी ताडून. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात; २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०२१ची, रनिंग अठ्ठावीस हजार आणि चारही टायर २०२४चे, तर पहिले टायर गेले कुठे? क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टेअरिंग चकाकतंय, सीटचा फोम उजवीकडे बसलाय आणि आकडा मात्र लहान. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी क्रमांकावरून सर्व्हिसची नोंद निघते. मालकाला सोबत घेऊन ती मागवावी. तो "सर्व्हिस बाहेरच केली" म्हणाला तर खोटंच बोलतोय असं नाही, पण मग कमी रनिंगचा पुरावाही त्याच्याकडे नाही, आणि पुरावा नसलेल्या गोष्टीचे पैसे मागता येत नाहीत. आकडा जुळला नाही तर नुसता भाव पाडू नये, उठून यावं. मीटर पाडणारा माणूस इंजिनाबद्दल खरं सांगेल असं धरायला काही आधार नसतो.

मग भाव ठरवायचा कसा? जुन्या गाडीचा भाव विकणाऱ्याच्या जुन्या बिलापासून कधीच मोजू नये, आजच्या नव्या गाडीपासून मोजावा. हा मुद्दा सध्या फार महत्त्वाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कर सोडून साडेसात लाखांची गाडी आधी ९ लाख ६० हजारांना पडायची. मूळ किंमत तीच राहिली तर आता ८ लाख ८५ हजारांना. विकणाऱ्याने २०२१मध्ये कितीही भरले असोत, नवी गाडी पाऊण लाखाने उतरल्यावर जुनीने वर कशाला राहायचं? "मी एवढ्याला घेतली होती" हे दुःख खरं, पण ते घेणाऱ्याने का वाटून घ्यावं?

दुसरा आधार पुढे केला जातो तो विम्याचा. "पॉलिसीवरच व्हॅल्यू बघा ना!" तो आकडा निव्वळ वयावर चालतो: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घट, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. त्यात रनिंग नाही, चासी नाही, टायर नाहीत. कमी रनिंगचे पैसे मागणाऱ्यानेच रनिंग न बघणारा आकडा पुढे करावा, ही गंमत मला नेहमी वाटते.

आता त्या लाखाचा हिशेब. अठ्ठावीस हजार आणि नव्वद हजार, फरक बासष्ट हजार किलोमीटरचा. आकडे मी सोयीसाठी धरतो, आपल्या मिस्त्रीला विचारून ते बदलावेत. चार टायरांचे ३० हजार, क्लचचे १५, ब्रेक आणि बुशांचे १५. इंजिन नीट राखलं तर तीन लाख किलोमीटर जाईल आणि मग ७० हजारांचं काम निघेल असं मानलं, तर बासष्ट हजारांचा वाटा साधारण पंधरा. एकूण पाऊण लाख. आधीच्या सर्व्हिसिंगचा खर्च यात धरायचा नाही. तो मालकाने भरला आणि ते तेल कधीच काढून टाकलं गेलं. शिवाय कमी फिरलेल्या गाडीचे टायर जुनेच असतील तर वयानेच बदलायला आले, म्हणून ३० हजार वजा. उरले ४५ हजार. कमी रनिंगची, निर्मळ चासीची, पटेल अशा खुलाशाची गाडी असेल तर एवढे जरूर द्यावेत. अशा गाड्या असतात. देवगडच्या एखाद्या बागायतदाराची पिकअप आंब्याच्या हंगामात पेट्या घेऊन महामार्गाला पळते आणि पावसाळाभर शेडमध्ये झाकून ठेवलेली असते. तिथे घासाघीस करताना मीच थोडा लवकर थांबेन.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण तिथे वादाला जागा नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी हातात आल्याशिवाय मोठी रक्कम द्यायची नाही. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी लागतो. पासिंग संपत आलं असेल तर तो खर्च भावातून कमी करावा. थकलेली चलनं बघावीत. ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वर दर जादा टनाला २ हजार असतो, म्हणजे असं चलन निघालं तर पैशांचा प्रश्न आणि ओझ्याचा पुरावा एकाच कागदावर मिळतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार प्रकरणात अपघाताची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावरच टाकली, त्यामुळे ही घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. ज्याला नाही, त्याला का नाही हे विचारावं.

शेवटचा आक्षेप व्यवहारी लोकांचा: "इतकं तपासत बसलात तर दुसरा विसार देऊन गाडी घेऊन जाईल." जाईल. पण पहाटे थंड इंजिन सुरू करून दाखवायला, अर्धा तास भरल्या हौद्याने घाट चढवून आणायला आणि मिस्त्रीला खाली झोपू द्यायला जो मालक तयार नाही, त्याच्या गाडीसाठी रांग लागलेली असणं हे मला तरी रांगेत उभं राहण्याचं कारण वाटत नाही. नव्वद हजारवाला बहुधा अजून शेजारीच उभा असतो, आणि त्याला कुणी विचारत नसल्यामुळे तो हे सगळं करू देतो.