अरुंद दाराचा अभिमान

अमेरिकेतील ज्या सरकारी हायस्कुलांना ‘मॅग्नेट’ शाळा म्हणतात, त्या हुशार मुलांची पंगत निराळी मांडण्यासाठी निघाल्या, असा समज तिकडे आणि इकडेही रूढ होऊन बसला आहे. वस्तुतः कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मुलांनी एका वर्गात बसावे म्हणून न्यायालयांच्या हुकमान्वये मुलांना बसगाड्यांतून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेण्यात येऊ लागले आणि त्यावरून ठिकठिकाणी रणे माजली, तेव्हा सक्तीने जे साधेना ते ओढीने साधावे या हेतूने, १९७० च्या दशकात, विज्ञान, संगीत, नाट्य असे काही विशेष शिकवणाऱ्या आणि कोणत्याही वस्तीतील मुलाला खुल्या असणाऱ्या या शाळांचा प्रसार झाला. लोहचुंबकाची उपमा तेथली. न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंटसारख्या, परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळा त्याहून जुन्या. पण पुढे लोकमानसात दोहोंची गल्लत झाली, आणि शाळा किती मुलांना परत पाठवते यावरून तिची प्रतिष्ठा मोजण्याची रीत पडली.

या शाळांची व प्रगत अभ्यासक्रमांची दारे रुंद करावीत, या मागणीला होणारा विरोध दुष्टबुद्धीचा नाही, आणि त्याला तसे म्हणणाऱ्यांनी आपलाच पक्ष दुबळा केला आहे. पूर्वपक्ष म्हणतो : परीक्षा कोणाचे नाव वाचत नाही, रंग पाहत नाही, बापाचा पगार विचारत नाही, आजवर ज्यूंच्या, चिन्यांच्या, अलीकडे आपल्या भारतीयांच्या मुलांनी वशिल्यावाचून जी शिडी चढली ती हीच, ती सैल केलीत तर दर्जा उतरेल, आणि ज्यांच्यासाठी उतरवाल त्यांच्याही हाती उतरलेलीच वस्तू लागेल. न्यूयॉर्क राज्याने १९७१ साली कायदाच करून तेथील तीन नामांकित शाळांचा प्रवेश एका स्पर्धापरीक्षेवर बांधून टाकला, त्यामागे हीच विचारसरणी होती.

परीक्षा निःपक्षपाती असते हे मान्य. पण ती निःपक्षपाती असते ती तिच्यासमोर येऊन बसलेल्यांच्या बाबतीत. तिच्यापर्यंत कोण पोहोचले आणि कोण वाटेतच राहिले, याची दखल तिच्या दप्तरात नसते. २०१९ साली स्टायव्हेसंटने ८९५ जागा देऊ केल्या, त्यांत कृष्णवर्णीय मुले ७ होती. एवढ्या अफाट शहरात त्या समाजात बुद्धिमान मुले सातच निपजली, असे पूर्वपक्षही म्हणत नाही. तो खालच्या शाळांकडे बोट दाखवतो. ते बोट योग्य दिशेला आहे, म्हणून आपणही तिकडेच पाहू.

फ्लोरिडातील ब्राउअर्ड परगण्यात विशेष बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठी मुलाची शिफारस शिक्षकाने अथवा आईबापांनी करावी, मग बुद्ध्यंकाची चाचणी व्हावी, असा शिरस्ता होता. सकृद्दर्शनी यात वावगे काही नाही. परंतु शिफारस कोणाची होते? जो मुलगा वर्गात फर्डे इंग्रजी बोलतो, ज्याची आई शाळेच्या सभेला हजर असते आणि अशी चाचणी असते हे जिला ठाऊक असते, त्याची. शिवाय ज्यांची ऐपत होती ते खाजगी मानसशास्त्रज्ञाचा दाखलाही आणू शकत. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईचा, घरी स्पॅनिश बोलणारा, मागच्या बाकावर आगपेटीवर आकृत्या काढीत बसलेला मुलगा कोणाच्या नजरेत भरावा? २००५ च्या सुमारास तेथील शिक्षणखात्याने शिफारशीची वाट न पाहता दुसरीतील सरसकट सर्व मुलांना एक छोटी, भाषेवर न विसंबणारी चाचणी दिली, आणि तीत चमकलेल्यांना पुढच्या चाचणीस पाठवले. पात्रतेच्या मापदंडाला कोणी हात लावला नव्हता. तरीही या वर्गांत दाखल होणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांची संख्या ८० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुलांची १३० टक्क्यांनी वाढली, असे डेव्हिड कार्ड (२०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले) व लॉरा जुलियानो यांनी दाखवून दिले. पुढे मंदी आली, खर्चाला कात्री लागली, चाचणी बंद पडली, आणि आकडे पुन्हा होते तेथे आले. मुले तीच होती. पाहणारे डोळे मिटले.

दर्जा उतरण्याच्या भीतीला उत्तर पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कुलात मिळते. बोलिव्हियाहून आलेले हायमे एस्कलांते या मेक्सिकनबहुल वस्तीतील शाळेत कॅल्क्युलस शिकवू लागले, तेव्हा वर्गात पाच मुले होती आणि बाहेरची परीक्षा त्यांतल्या दोघांना साधली. पुढल्या वर्षी नऊपैकी सात, मग पंधरापैकी चौदा. १९८२ साली अठरा. अठराच्या अठरा उत्तीर्ण झाल्यावर परीक्षामंडळाला संशय आला, चौदाजणांना पुन्हा बसण्यास फर्मावले गेले. बारा बसले, बाराही उत्तीर्ण झाले. यावर निघालेल्या चित्रपटात हे सारे जणू वर्षभरात घडल्याचे भासते (चित्रपटांना घाई असतेच). वास्तविक एस्कलांते यांनी बीजगणितापासूनचे खालचे वर्ग सावरले, उन्हाळी वर्ग चालवले, आणि पाचापासून अठरापर्यंत यायला वर्षे घालवली. दारे रुंद केली तीही तेथेच, आणि प्रश्नपत्रिका देशभराच्या मुलांची होती तीच राहिली.

आता स्वपक्षीयांशी दोन शब्द. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल हायस्कुलाने २०२१ साली गुणांऐवजी सोडत काढण्याचे ठरवले. मतदारांनी वर्षभरात शाळामंडळाच्या तीन सभासदांना घरी बसवले आणि सोडत रद्द झाली. ती टिकण्यासारखी नव्हतीच. ज्याने रात्री जागून अभ्यास केला त्याला ‘तुझी चिठ्ठी निघाली नाही’ असे सांगणे हा न्याय नव्हे. व्हर्जिनियातील फेअरफॅक्स परगण्याच्या थॉमस जेफरसन विज्ञान हायस्कुलाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. २०२० साली तेथे प्रवेशपरीक्षा आणि अर्जासोबतचे १०० डॉलर रद्द झाले, आणि प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आठवीतील दीड टक्का मुलांसाठी जागा राखण्यात आल्या. त्याबरोबर आशियाई मुलांचे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ वर आले आणि गरीब घरांतील मुलांचे एक टक्क्याच्याही खालून २५ टक्क्यांवर गेले. खटला झाला; २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्याचे नाकारल्याने नवी पद्धत कायम राहिली. तेथील आपल्या लोकांच्या घरांत शनिवारी सकाळी पोहे खाऊन मुलगी गणिताच्या शिकवणीला निघते, आणि आईबापांना वाटते की नियम आमच्याच वेळी बदलले. त्यांचे हे दुखणे खोटे नाही. शंभर डॉलरचा अडसर गेला, हे उत्तम झाले. परीक्षा जायला नको होती. पण दोन्ही पक्ष ज्या जागांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत होते त्या होत्या किती? आधी सुमारे ४८०, मग ५५०. लाखाच्या वर विद्यार्थी असलेल्या परगण्यात उच्च विज्ञानाची ताटे साडेपाचशेच का वाढली जावीत, हा प्रश्न मात्र कोणी न्यायालयात नेला नाही.

देशातील जवळजवळ निम्म्या हायस्कुलांत कॅल्क्युलस शिकवलेच जात नाही. तेथे प्रवेशाचा वाद उद्भवत नाही, कारण दारच नाही. माझा पक्ष एवढाच की वर्ग वाढवावेत, आणि त्यांत कोण बसू शकेल हे मुलाच्या पालकाच्या चपळाईवर न सोडता शाळेने आपल्याच दप्तरातील गुणांवरून शोधावे. नॉर्थ कॅरोलायनाने २०१८ साली, राज्याच्या गणित-परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्या मुलाला पुढील प्रगत वर्गात घातले पाहिजे, असा कायदा केला. टेक्सासने २०२३ साली तेच अधिक सढळपणे केले : पाचवीच्या परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत आलेले मूल सहावीत आपोआप प्रगत गणिताच्या वर्गात बसेल. पालकाला ते नको असल्यास त्याने तसे लेखी कळवावे. पूर्वी आत येण्यासाठी कागद लागे, आता बाहेर राहण्यासाठी लागतो.