'पासआऊट' झालो म्हणजे नक्की काय झालं?

तर झालं असं, की गेल्या बुधवारी मी एका इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर होतो. स्क्रीनवर सोलापूरकडचा एक मुलगा आणि शेजारच्या चौकोनात आमच्या क्लायंटकडचा एक अमेरिकन. मुलाने सुरुवात केली, "सर, आय पास्ड आऊट इन २०२३." अमेरिकन दचकला आणि हसत विचारता झाला, "मग आता बरं वाटतंय ना?"

मुलाला वाटलं, खरंच तब्येतीची चौकशी चाललीय. "येस सर, आय ॲम फाइन!" आम्ही दोघं हसलो. मग मीच शहाणपणा करून त्याला सांगितलं, की तिकडे 'पास आऊट' म्हणजे बेशुद्ध पडणं. त्याचा चेहरा पडला. त्यानंतर तो प्रत्येक वाक्य तपासून तपासून बोलायला लागला. एसक्यूएलचं उत्तर बरोबर होतं, पण सांगताना चारदा अडखळला. मी फॉर्मवर 'कम्युनिकेशन'पुढे पाचपैकी दोन टाकले आणि मोकळा झालो. शुक्रवारी कळलं, तो बाद झाला.

तेव्हापासून तो दोनचा आकडा डोक्यातून जात नाहीये.

मी राहतो लोणी काळभोरला. इथे राजबागेत एमआयटी-एडीटी विद्यापीठ आहे, त्यामुळे सोलापूर रोडच्या कुठल्याही टपरीवर चहा घेताना हा शब्द कानावर पडतोच. "तू कितीचा पासआऊट?" "पासआऊट झाल्यावर काय करणार?" जॉबच्या जाहिरातीतसुद्धा '२०२४ आणि २०२५ पासआऊट' असंच लिहितात. म्हणजे ज्या शब्दाने आपण मुलांना बोलावतो, तोच त्यांनी वापरला की हसतो. कमाल आहे ना?

बरं, हा शब्द काही आपण हवेतून काढलेला नाही. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला 'पास आऊट' म्हणतात. लोणीहून शहर ओलांडून पलीकडे गेलं की खडकवासला. तिथे एनडीएची पासिंग आऊट परेड होते. ३० मे २०२५ ला खेत्रपाल परेड ग्राउंडवर मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. त्या बातम्या वाचून कुणी "अरेरे, सतरा जणी चक्कर येऊन पडल्या" असं म्हटलं नाही. आपण तोच अर्थ परेड ग्राउंडवरून कॉलेजपर्यंत नेला, इतकंच. आणि अमेरिकेतली शिक्षिका वर्गात पेपर 'पास आऊट' करते, तेव्हा ती पेपर वाटत असते. एकाच जोडशब्दाचे तीन अर्थ, आणि तिन्ही बरोबर.

आता आपल्या 'लागणे'कडे बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, गाडी लागते. गाडी लागते म्हणजे फलाटावर येऊन उभी राहते आणि घाटात उलटीही होते. दहावीचा निकाल लागतो आणि एखाद्या मोबाईलचाही 'निकाल लागतो'. हे आपल्याला कोणी टेबल करून शिकवलं नाही. शेजारचा शब्द बघून आपण अर्थ लावतो. (हे 'लावणे' वेगळंच प्रकरण आहे. :-) )

कोड लिहिणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. ऑपरेटर ओव्हरलोडिंग आपण पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकतो. दोन आकड्यांमध्ये अधिक चिन्ह टाकलं तर बेरीज होते, दोन स्ट्रिंगमध्ये टाकलं तर त्या जोडल्या जातात. 'पास आऊट'पुढे '२०२३ मध्ये' आलं तर पदवी, 'उन्हात' आलं तर चक्कर, 'पेपर' आले तर वाटप. कंपायलरला जे जमतं, ते इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला जमू नये?

आता कोणी म्हणेल, अमेरिकनाशी बोलायचं तर त्याला कळेल असं बोलायला नको का? हवं की. मी स्वतः कॉलवर 'ग्रॅज्युएटेड' म्हणतो, आणि ऑफरपत्रासोबत हा शब्दही त्या मुलाला दोन मिनिटांत शिकवता आला असता. पण अनोळखी वापर म्हणजे चूक नव्हे. त्याचं म्हणणं मला पहिल्या सेकंदाला कळलं होतं. मला ते कळलं, याचा अर्थ कम्युनिकेशन झालं होतं! अडखळणं सुरू झालं ते आम्ही हसल्यानंतर. त्याचे मार्क मी कापले, माझे कोण कापणार?

खरं कारण सांगू? मला त्या अमेरिकनासमोर 'त्यांच्यातला' दिसायचं होतं. सहा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच वाक्य बोलून नोकरीला लागलो होतो. समोर हसणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक.

असो. आज सकाळीच एचआरला मेल टाकलाय, की माझा फीडबॅक चुकीचा होता, त्याला पुन्हा बोलवा. बोलावतील का माहीत नाही. तुम्हीही पॅनेलवर बसत असाल तर एवढंच करा. समोरच्याचं इंग्रजी ऐकून हसू आलं, तर ते आवरा आणि पुढचा प्रश्न विचारा.