पोकळ झाड जगतं, सोललेलं मरतं!

मुलांनो, आज एक कोडं घालते. एका जुन्या जांभळाचं खोड आतून पोखरलंय. तुमच्यापैकी एखादा आत लपून बसेल एवढी ढोली! तरी वर पानं हिरवीगार. शेजारच्या धडधाकट झाडाची मात्र फक्त साल, बांगडीसारखी गोल, कुणीतरी सोलली. ते काही महिन्यांत वाळायला लागलं. असं का बरं?

उत्तर सालीतच दडलंय. पान हे झाडाचं स्वयंपाकघर. पण जेवणारी मंडळी दूर दूर: मुळं, कोंब, मोहोर, फळं. त्यांच्याकडे साखरेचा रस नेणाऱ्या नळ्या म्हणजे रसवाहिन्या. त्या सालीच्या अगदी आतल्या थरात असतात. पाणी वर चढवणाऱ्या जलवाहिन्या त्यांच्या आत, लाकडात. ढोलीत कुजतं ते मधलं जुनं लाकूड. त्याने पाणी वाहायचं काम केव्हाच सोडलेलं असतं.

रसवाहिनीत लांबट पेशी एकापुढे एक लागलेल्या असतात. मधल्या भिंतींना भोकं, अगदी पिठाच्या चाळणीसारखी! म्हणून त्यांना चालनी नलिका म्हणतात. या पेशी जिवंत असतात, पण त्यांच्यात केंद्रक नसतं. त्यांचा कारभार शेजारची सहपेशी सांभाळते.

रस वाहतो कसा? पानाकडच्या टोकाला नळीत साखर भरली जाते. मग जलवाहिनीतलं पाणी आत ओढलं जातं, दाब वाढतो आणि रस पुढे ढकलला जातो. ही कल्पना जर्मनीच्या अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडली. वेग तासाला साधारण १ मीटर. रस खाली मुळांकडे जातो, तसा वर फळांकडेही जातो.

साल गोल सोलली की ही वाट तुटते. इटलीच्या मार्सेलो मालपिगी यांनी सतराव्या शतकातच पाहिलं, की कापाच्या वरचा भाग फुगतो. रस तिथं अडतो ना! मुळं साठवलेल्या अन्नावर काही दिवस काढतात. ते संपलं की उपाशी मुळं पाणी शोषेनाशी होतात आणि मग पानंही सुकतात. गुटी कलम करणारा माळी हीच युक्ती वापरतो, पण एकाच फांदीवर. अडलेल्या अन्नावर तिथं नवी मुळं फुटतात.

आता आपल्या लोधिवलीच्या बांधांवर नजर टाका. कुंपणासाठी आंब्याला, सागाला तार आवळलेली दिसते. झाड जाड होतं, तार होत नाही! ती सालीत रुतते आणि रसवाहिन्या चेपतात. तारेच्या वर फुगवटा दिसला, तर समजा की झाडाचं जेवण अडलंय.

या रविवारी घरच्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन अशी झाडं शोधा. तार सैल असेल तर त्यांच्याकडून सोडवून घ्या. खोल रुतली असेल तर मात्र ओढू नका, साल फाटेल. बाहेर दिसेल तेवढीच त्यांना कापू द्या. कुंपणाला लाकडी खांब पुरतो. झाडाला गळफास कशाला?