याला ‘झीज’ म्हणू नका

“डॉक्टर, सांध्यांची झीज झालीय म्हणे. होणारच ना आता!” हे म्हणणारी पेशंट ४१ वर्षांची. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, सकाळी दोन-दोन तास मूठ वळत नाही, आणि पिशवीत तीन वर्षांच्या डायक्लोफेनॅकच्या चिठ्ठ्या. झीज हे निदान आमच्याच एका व्यवसायबंधूचं.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे आमवातात, सांधा वापरून झिजत नाही. तो कुरतडला जातो, आणि कुरतडणाऱ्या पेशी आपल्याच असतात. सांध्याच्या आतलं नाजूक अस्तर सुजून जाड होतं आणि कूर्चेवर पसरत जातं. त्याला पॅनस म्हणतात. तिथल्या पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडतात. त्यांच्या हुकमावरून एमएमपी नावाची एन्झाइम्स तयार होतात आणि कूर्चेतलं कोलॅजन कापत सुटतात. शिवाय रँकएल नावाचं प्रथिन हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना कामाला लावतं. या पेशी एरवी जुनं हाड काढून नव्याला जागा करून देतात. इथे नुसतं काढणंच चालू राहतं. एक्स-रेत हाडाच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे दिसतात, अनेकांना तर पहिल्या दोन वर्षांतच. ते सहसा भरून येत नाहीत.

डायक्लोफेनॅक यातलं काय थांबवतं? ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, त्यामुळे दुखणं आणि थोडी सूज उतरते. पेशंट खूश, डॉक्टरही खूश. हाड खाणं चालूच. चोर घरात शिरलेला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधण्यासारखं आहे हे.

ही नासधूस रोखणारी औषधं वेगळी, त्यात पहिलं मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायचं (रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं), सोबत फॉलिक ॲसिड, ठरलेल्या वेळी रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या. गरोदरपणात अजिबात नाही. “ती कॅन्सरची गोळी, बंद कर” असं सांगणारा एक नातेवाईक घरोघरी असतोच! आमवातात डोस आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम असतो. कॅन्सरमध्ये त्याच्या कित्येक पट देतात.

या बाईंचा आरए फॅक्टर निगेटिव्ह होता, म्हणून आमवाताचा विचारच झाला नाही. तो अनेक रुग्णांत निगेटिव्ह येतो. अँटी-सीसीपी आता केली, पॉझिटिव्ह आली. एक्स-रेत उजव्या हाताच्या दोन बोटांच्या मुळाशी खड्डे आहेत. मेथोट्रेक्सेट सुरू करून त्यांना ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवलंय. खड्डे आहेत तेवढ्यावर थांबावेत, इतकंच आता मागता येईल.