बंधारा बांधला, पुढे काय?

कोकणात फिरलात तर कुठे ना कुठे धूपप्रतिबंधक बंधारा दिसतोच. तो बांधतात सगळे, पण नंतर त्याच्याकडे बघतं कोण? दगडी बंधारा बहुतेकदा खालून ढासळतो. पायथ्याची वाळू लाटा ओढून नेतात, खालचे दगड घसरतात, मग वरचे खचतात. रस्त्यावर गाडी थांबवून केलेल्या पाहणीत यातलं काय दिसणार, कप्पाळ! त्यासाठी अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी गाठून चिखलात उतरायला हवं. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गेली; तिथे १९९६ च्या कायद्याने मुख्य बांधांची ठराविक मुदतीने तपासणी सक्तीची झाली.

आणि आपण? सर्व्हे प्रॅक्टिकलला दरवर्षी त्याच ग्राउंडचं लेव्हलिंग करतो, रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमध्ये तयार असतातच. त्याऐवजी एखाद्या बंधाऱ्याचे क्रॉस सेक्शन घेऊया ना! पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, बेंचमार्क तोच. पाच बॅचेसमध्ये पाच वर्षांची नोंद तयार होईल, बंधारा कुठे किती खचला ते नकाशावर दिसेल. फक्त जर्नल कॉपी करता येणार नाही, एवढीच काय ती अडचण.