गोगलगाय आणि शेवाळ

संकटग्रस्त जीवांची नावे विचारली, तर तुम्ही वाघ, माळढोक, गिधाड अशी नावे चटकन सांगाल. गोगलगायीची किंवा शेवाळाची आठवण सहसा कोणाला होत नाही. तथापि या दोन क्षुद्र भासणाऱ्या जीवांची तुलना करून पाहण्यासारखी आहे.

प्रशांत महासागरात ताहितीशेजारी मूरेआ नावाचे बेट आहे. तेथील झाडांच्या पानांवर पार्टुला टोहिवेआना ही चिमुकली गोगलगाय सुखाने नांदत असे. शेतीची नासाडी करणाऱ्या मोठ्या आफ्रिकी गोगलगायींचा बंदोबस्त व्हावा, म्हणून १९७७ मध्ये तेथे एक मांसाहारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडण्यात आली. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण तिला शोभावी! मोठ्या गोगलगायी बाजूला राहिल्या. फडशा पडला तो या निरुपद्रवी चिमुकलीचा. दहा वर्षे उलटतात तोच रानात ती दिसेनाशी झाली. सुदैवाने शास्त्रज्ञांनी काही गोगलगायी आधीच उचलून नेल्या होत्या. लंडन व अन्य ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांच्या पिढ्या वाढल्या आणि पुढे त्या मूरेआवर परत सोडण्यात आल्या. सोडताना प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका दिलेला असे. २०२४ मध्ये ठिपका नसलेल्या पूर्ण वाढलेल्या गोगलगायी तेथे आढळल्या. त्या रानातच जन्मल्या होत्या!

आता शेवाळ पाहा. पावसाळ्यात भिंतीवर मखमलीसारखे चढणारे शेवाळ तुम्ही पाहिलेच आहे. टाकाकिया हे त्याच्याच दूरच्या नात्यातले. तिबेटच्या पठारावर, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर, वर्षातील सुमारे आठ महिने ते बर्फाखाली असते. त्याचे कुळ सुमारे ३९ कोटी वर्षांचे, म्हणजे हिमालयाहूनही कितीतरी प्राचीन. पर्वत उंचावत गेला, थंडी वाढली, प्रखर ऊन आले. त्याने सारे सोसले. परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते दरवर्षी सुमारे १.६ टक्क्यांनी घटत आहे. त्याचा वैरी आहे वाढती उष्णता.

माझ्या मते शेवाळाचे संकट अधिक बिकट आहे. गोगलगायीचा शत्रू डोळ्यांना दिसतो. त्याच्या तावडीतून तिला पेटीत घालून दूर नेता येते. उष्णतेला कुंपण कोठे घालणार? शिवाय गोगलगाय शिंगे हलवते, चालते. तिची कणव येते. शेवाळासाठी कोण हळहळणार? शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत टाकाकिया वाढवून पठारावर नेऊन लावले. पाच वर्षांनंतरही त्यांतील काही रोपे जिवंत होती. पण ती रुजली आहेत त्याच तापत चाललेल्या भूमीत.